दुसरा आकडा

"आई, आकडा चांगला आहे. तू घरी जा, उद्यापन उरकून घे."

जपमाळ खाली ठेवून कमलिनीबाई आडव्या होतात, डोळा लागतो न लागतो, तोच लेकीचे ते शब्द कानात येतात. ऋजुता डॉक्टर. वडिलांना ठेवलं होतं त्याच अतिदक्षता विभागात कामाला. तिच्या शब्दावर बाई घरी आल्या. सोळा सोमवारांच्या उद्यापनाची जोडपी इकडे पानांवर बसली आणि तिकडे वामनराव गेले. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं नाही.

पापण्या जड होतात. देवघरापुढे वामनराव बसलेले, अंगात दवाखान्याचा हिरवा अंगरखा.

"अगं, चहा टाकतेस?"

"आधी सांगा, तो आकडा खोटा होता ना?"

"खरा होता, पण पहिल्या दिवसाचा. त्या दिवशीच्या तपासण्यांवरून माणूस दगावेल का ते मोजतात. त्यात मी पास! दुसऱ्या पद्धतीत रोज एकेक अवयव बघतात. तिथे रोज नापास."

समईच्या जागी मॉनिटर जळतो आहे. देवघरात आता खाटा आहेत, पडदे आहेत; पायाखालची रांगोळी तेवढी घरची.

"म्हणजे तिनं मला चांगला तेवढा सांगितला."

"एका पंचांगात मुहूर्त निघाला नाही की तू नाही शेजारचं मागून आणायचीस?"

"थट्टा नको. शेवटचं पाणी माझ्या हातून पडायचं होतं तुमच्या तोंडात."

वामनराव मान खाली घालतात. "मीच सांगितलं होतं तिला, घशात नळी घालायच्या आधी. म्हटलं, काही झालं तरी आईचं व्रत मोडू देऊ नकोस."

कमलिनीबाईंचा आवाज आताही चढत नाही. "तुम्हीसुद्धा? अहो, तो आकडा ऐकून मी महादेवापुढे पेढे ठेवले. आणि तुम्ही दोघं..."

"रागाव हवं तर. पण ऋजूला विचार, दुसरा आकडा किती होता. एकटीच घेऊन बसलीय तो."

"विचारीन. माफ मात्र करणार नाही. तिलाही नाही, तुम्हालाही नाही."

"नको करूस. विचारशील, एवढं वचन दे."

"दिलं."

ते आपल्या बोटाला लावलेला मॉनिटरचा चिमटा काढून कमलिनीबाईंच्या बोटाला लावतात. चिमटा गार आहे. मॉनिटरवर आता बाईंचे ठोके उमटू लागतात.

जाग येते तेव्हा खिडकीत उजाडलेलं. उजव्या तर्जनीवर चिमट्याचा खोल वळ, नख निळसर. चोळलं तरी जात नाही.

स्नान होतं, पूजा होते. तोंडात पाण्याचा थेंब न घेता कमलिनीबाई चपला घालतात, आवाज न करता कडी लावतात आणि त्या दिवसापासून टाळलेल्या दवाखान्याच्या रस्त्याला लागतात.