अनवाणी पळालेला ड्रायव्हर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खुनाचे तपास मी शांतपणे केले. या अपघाताच्या तपासात मात्र राग आवरणं जड गेलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापूरला फौजदार होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. वडील गिरणीत मागाच्या साच्यावर उभे राहायचे. ज्वारी काढून शेतं मोकळी झाली होती. अक्कलकोट रोडला एका कोऱ्या ट्रकने विडी कारखान्यातून घरी निघालेल्या बाईला उडवलं आणि ड्रायव्हर पळाला, अशी वर्दी भर दुपारी आली. हवालदाराला घेऊन गेलो. बाईला लोकांनी सिव्हिलमध्ये हलवलं होतं. रस्त्याच्या कडेला, मातीवर चाकाच्या खुणा होत्या आणि विडीची पानं पसरली होती. म्हणजे ट्रक रस्ता सोडून तिच्या अंगावर गेला होता. ट्रकच्या तोंडावर पूजेचा हार तसाच ताजा. पंचनामा केला.

दुसऱ्या दिवशी ट्रकमालक स्वतःच आपल्या ड्रायव्हरला घेऊन ठाण्यात हजर. आडत व्यापारी, गावात मान. ड्रायव्हर दुधनीकडचा, पन्नाशीचा, हात जोडून उभा.

"म्याच चालवत हुतो सायेब. बाई एकदम आडवी आली की. म्या तरी काय करू?"

मालक म्हणाला, "लायसन आहे, विमा आहे. कायद्याप्रमाणे होऊ द्या."

आरोपी आपल्या पायाने आला की काम संपलं, असं बऱ्याच ठाण्यांत समजतात. मी आधी सिव्हिल गाठलं. बाई तेलुगू, विणकराच्या घरातली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तिने जबाब दिला, "मी कडेनंच चालले होते सायेब. पडले तेव्हा ट्रकखालून पलीकडं पाय दिसले. चप्पल नव्हती. मी ओरडले, बाबा, पाणी तरी दे. त्यानं वाकून बघितलं मला. माझ्या तोंडावर ऊन, त्याचं तोंड नीट दिसलं नाय. मग शेतात पळाला."

वाकून बघितलं आणि पळाला. हे ऐकून मी परत आलो आणि ड्रायव्हरला समोर बसवलं.

"पळालास कुठून?"

"श्येतातनं. लोकं मारत्याल म्हून."

"पायात काय होतं?"

"काय न्हाय. नवी गाडी हाय सायेब, त्याच दिशी पूजा झाल्याली. लक्ष्मी हाय ती. चपला घालून कोन चढतंय? मालकाच्या दारातच काढल्या."

"पाय वर कर."

तळवे काळे, राठ. ओरखडा नाही. ज्यांनी ज्वारीच्या कापलेल्या रानातून अनवाणी चालून पाहिलंय त्यांना सांगायला नको. धसकटं सुरीसारखी लागतात.

"आमचं पाय दगडाचं हायेत सायेब."

हवालदार खाली वाकला. "आणि घोटं रं? ती बी दगडाची? का उडत गेलास?"

ड्रायव्हर रडायलाच लागला. "मालक म्हनले, तू आत जा, तुज्या पोरीचं लगीन मी लावतो."

"मग चालवत कोण होतं?"

"धाकलं मालक."

मी तसाच मालकाच्या घरी गेलो. "बर्री साहेब, बर्री," असं कानडीत या-या करत त्याने चहा मागवला. मुलगा कुठे विचारलं, तर म्हणे तापाने झोपलाय. आतल्या खोलीत जाऊन पांघरूण बाजूला केलं. कॉलेजात जाणारा धडधाकट पोरगा. दोन्ही पाय सुजलेले, हळद लावलेली, घोट्यांवर ओरखडेच ओरखडे. लायसन नव्हतंच.

मालक कानाशी लागला. "साहेब, तुम्ही शिकलेले. समजून घ्या. एकुलता एक आहे."

"शिकलोय म्हणूनच समजतंय," मी म्हणालो. "लायसनवाला ड्रायव्हर दाखवला की विमा कंपनी तुमच्या बाजूने उभी राहते. बाई आडवी आली म्हटलं की तिला भरपाई द्यायला नको. पोरगा चालवत होता म्हटलं तर किल्ली देणारे तुम्ही, भरणारेही तुम्ही."

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून दोघांचीही वैद्यकीय तपासणी करवली आणि ड्रायव्हरचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवला. पोराला शिक्षा झाली. माझ्या मते फारच कमी. दाव्यात भरपाई मालकावर बसली. पैसे हातात पडेपर्यंत बाई कुबडीवर चालायला शिकली होती.

या केसने मला एक सवय लावली. अपघातानंतर जो पुढे येतो त्याच्याकडे मी नंतर बघतो. आधी विचारतो, घरात कोण झोपलंय?

पण माझा राग या बनवाबनवीचा नाही. कोर्टाच्या हुकुमाने ट्रक सोडला तेव्हा मालक ठाण्याच्या आवारात तो न्यायला आला. सोबत नवा हार, नारळ. बाई तेव्हा अजून सिव्हिलमध्येच होती, हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस एकदाही तिकडे फिरकला नव्हता. माझ्या देखत त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, पुढे झाला, आणि ज्या चाकाने तिचा पाय नेला त्या चाकाला डोकं टेकवून नमस्कार केला.