अप्पा वॉलमन आणि साहेबांचा काटा

अप्पा पाणी दातांनी ऐकत. लोखंडी सळई जमिनीत रोवून खालच्या पाइपला भिडवायची, वरचे टोक दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. पाइप जवळपास कुठे गळत असेल तर त्याची थरथर थेट त्यांच्या जबड्यात उतरे. मग सळई काढून ते बाजूला थुंकत आणि म्हणत, "पळतंय." ते थुंकणे लोखंडाच्या चवीमुळे असावे असे मला सुरुवातीला वाटले. ते आमच्या ऑफिससाठी होते, हे नंतर कळले.

पोलीस ॲक्शनने निजामी राजवट संपली, त्यानंतर दोन-चार वर्षांनी ते शहराच्या पाणीपुरवठ्यात वॉलमन म्हणून नोकरीला लागले. घर धनगराचे, गाव फुलंब्रीकडचे. गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे आणि बंद करायचे, एवढेच त्यांचे काम कागदावर होते. मी तिथे रुजू झालो तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते आणि अप्पांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. मी भोकरदनच्या शाळेत शिकलेला, घराण्यात पहिली पदवी घेतलेला. नोकरी पक्की व्हायला वर्ष जायचे होते. पहिल्या दिवशी अप्पांनी माझ्या नव्या बुटांकडे बराच वेळ पाहिले. "साहेब, ही चिखलात जातेत का नुसती मीटिंगला?" असे विचारून ते उत्तराची वाट न पाहता चालू लागले.

त्यांच्या तुच्छतेला पायऱ्या होत्या. सर्वात खाली कारकून, त्यावर माझ्यासारखे नवे 'विंजनेर' आणि सर्वात वर मोठे साहेब. साहेबांचे सगळे काम एका काट्यावर चाले. पंपहाऊसमध्ये पंपाच्या तोंडाशी दाब दाखवणारे घड्याळ होते. पाहुणे आले की साहेब त्यांना तिथे नेत आणि अभिमानाने बोट दाखवत, कारण काटा कायम वर असे. तो तसा का असे, ते पंपहाऊसमधल्या सगळ्यांना ठाऊक होते. घड्याळाच्या पुढचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे अर्धा बंद असे. पंप आतल्या आत पाणी दाबत धापा टाकी, वीज खाई, काटा वर चढे आणि गुलमंडीमागच्या गल्ल्यांत नळाला करंगळीएवढी धार येई. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर पाणी सुटे, पण काटा खाली येई. काटा खाली आलेला साहेबांना चालत नसे.

"बैल गाडीला जुपायचा, अन् चाकाखाली दगड बी ठेवायचा," अप्पा म्हणत. "वर म्हनायचं, बैल मोठा पायजे."

तो मोठा बैल आणण्याचेच काम माझ्याकडे आले होते. त्या गल्ल्यांना पाणी पोचत नाही, सबब जास्त ताकदीचा पंप हवा, असा प्रस्ताव मी लिहायचा होता. पाइपलाइन फिरून दाखवायला साहेबांनी अप्पांना सोबत दिले. एका दुपारी एका बोळाच्या तोंडाशी त्यांनी सळई रोवली, दातांत धरली आणि मग माझ्या हातात दिली. मी रुमालाने पुसायला लागलो. "पुसा, पुसा. पदवीला डाग लागंल," ते म्हणाले. मी तशीच दातांत धरली. डोक्यात गिरणी सुरू झाल्यासारखे वाटले.

रस्ता मात्र ठणठणीत कोरडा होता. आमच्या ऑफिसात गळती म्हणजे ओला रस्ता, अशी व्याख्या होती. रस्ता ओला नसेल तर तक्रार निकाली. अप्पांचे म्हणणे होते की त्या जागी पाइपाखालून जुनी नहर, म्हणजे पाण्याचा भुयारी कालवा, जाते, मलिक अंबरच्या काळची, दगडी, आता कुणाच्या लक्षात नसलेली. पाणी वर येतच नाही, खाली नहरीत पडते आणि नाल्याला जाते. तीन इंजिनिअरांकडे त्यांनी तोंडी दरख्वास्त केली होती, इथे एक खड्डा खणा. तिघांनी रस्त्याकडे पाहिले आणि परत गेले. निवृत्तीआधी तो एक खड्डा खणलेला पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

खड्ड्याच्या परवानगीवर मी सही केली. ते काही मोठे शौर्य नव्हते. मला त्यांच्या नजरेची साहेबांपेक्षा जास्त भीती वाटत होती. साहेब स्वतः पाहायला आले. छातीएवढे खणले तरी माती कोरडीच, तेव्हा अप्पांनी इथे स्वतःची विहीर खणायला घेतली की काय, असे विचारून त्यांनी सगळ्यांना हसवले. अप्पा हसले नाहीत. आणखी हातभर खाली गेल्यावर पाइपाचा सांधा दिसला. त्यातून मनगटाएवढी धार नहरीच्या फुटक्या दगडांतून अंधारात कोसळत होती. साहेबांना अचानक मीटिंग आठवली.

सांधा दुरुस्त झाला आणि अप्पांनी पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पंपाची धाप थांबली. दुसऱ्या दिवशी त्या गल्ल्यांत वरच्या मजल्यावर पाणी चढले. एका म्हातारीने अप्पांना पेढा दिला. तो त्यांनी अर्धा मोडून मला दिला. त्यांच्याकडून मला एवढाच सन्मान मिळाला, आणि तो मी दोन दिवससुद्धा टिकवला नाही.

कारण काटा खाली आला होता. पाणी मोकळे वाहू लागल्यावर तो खाली येणारच. हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. साहेबही ते कधीतरी शिकले असणार. त्यांनी मला बोलावून विचारले की दाब का पाडला, आणि वरून पाहणीला माणसे येणार आहेत तेव्हा काटा काय दाखवणार. मी पाणी वर चढल्याचे सांगायला लागलो. त्यांनी माझी फाइल उघडली, नोकरी पक्की करण्याचा कागद वर ठेवला आणि शांतपणे विचारले, "व्हॉल्व्ह पहिल्यासारखा कधी करताय?"

मी पंपहाऊसवर जाऊन अप्पांना सांगितले. ते म्हणाले, "काट्याला तहान लागत नाय, साहेब." मी म्हणालो, हुकूम आहे. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवले आणि लिहून मागितले. मी लिहिले. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावले. मग व्हॉल्व्हच्या चाकावरचा हात काढून ते बाजूला झाले.

"आता चकरा तुमीच मारा. मला वाचता येत नाय नीट, चुकंल."

मी चाक फिरवले. प्रत्येक चकरेला पंपाचा आवाज घोगरा होत गेला आणि काटा चढत गेला. अप्पा तंबाखू मळत खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या सकाळी गल्लीतल्या बाया पंपहाऊसच्या दारात आल्या. परवा पाणी आले, काल आले, आज काय झाले, असे त्या अप्पांना विचारत होत्या. त्यांच्यात पेढा देणारी म्हातारीही होती. अप्पांनी माझ्याकडे बोट केले. "ह्यांना इचारा, माय. शिकलेले हायेत."

मी काय सांगितले ते मला आठवत नाही. तांत्रिक अडचण वगैरे शब्द असावेत. म्हातारी अदबीने "व्हय का" म्हणाली, आणि ती अदब मला जास्त लागली.

महिन्याभराने अप्पा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या काळात दाब कधीही कमी पडला नाही, असे कौतुक केले. अप्पांनी सगळ्यांसमोर मान झुकवून हार घेतले. माझा हार मात्र हातात घेतला आणि खुर्चीवर ठेवला. पुढे नवा पंप आला, नारळ फोडून सुरू झाला, आणि तोही अर्ध्या व्हॉल्व्हवर धापा टाकू लागला.

साहेबांची बदली व्हायला दोन वर्षे लागली. त्याच आठवड्यात मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, नवा पंप बंद केला आणि जुन्या पंपावर सगळ्या गल्ल्यांना पाणी दिले. मग फुलंब्रीकडे अप्पांच्या गावी तसे पोस्टकार्ड टाकले. कुणाकडून तरी वाचून घेतील म्हणून सोपे लिहिले. नंतर त्या गावचा एक माणूस भेटला. कार्ड अप्पांनी नातवाकडून वाचून घेतले होते, असे तो म्हणाला. काय म्हणाले, असे मी विचारले.

"इतकंच म्हनले, म्हातारीला सांगितलं का?"

मी त्या संध्याकाळी गल्लीत गेलो. तिच्या घराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, मागच्या उन्हाळ्यातच वारली.