उचकी लागलेली टॅक्सी

गॅरेज वडिलांचं होतं, पण आवाज फक्त दादाचा. धाकट्या बहिणीला, म्हणजे सगळ्यांच्या ताईला, त्यानं काउंटरवर बसवलं होतं. तिचे हात मात्र पान्यासाठी शिवशिवत. रोजच्या कटकटीला वैतागून शेवटी दादा म्हणाला, "ही टॅक्सी घे. सुधारलीस तर आजपासून तूही मेकॅनिक. नाहीतर मुकाट्यानं काउंटर, पुन्हा तोंड उघडायचं नाही!"

टॅक्सीवाले काका रडकुंडीला आले होते. "उभी असली की गरीब गाय हो! हलवली की उचक्यांवर उचक्या. एवढी आठवण काढतंय तरी कोण हिची?"

इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी, अशी ऑक्सिजन सेन्सरची जुनी नोंद स्कॅनर दाखवत होता. त्यावरून दादानं दोनदा तो सेन्सरच बदलला. उचकी जैसे थे. "आजकाल सेन्सरच भिकार येतात," म्हणत तो तिसरा मागवायच्या बेतात होता.

ताईनं उभ्या गाडीचं इंजिन चालू करून स्कॅनर लावला. आकडे अगदी शहाण्यासारखे.

"बघ! काही दिसतंय?" दादा म्हणाला.

"दिसेल कसं? काका रडतायत चालत्या गाडीसाठी, आपण तपासतोय उभी. दात दुखतो जेवताना आणि डॉक्टर म्हणतो, तोंड मिटा!"

काका खो खो हसले. दादा नाही हसला.

ताईनं चाकांना ठोकळे लावले. "दादा, आत बस. हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक, क्लच जरासाच सोड."

इंजिन एका कुशीवर कललं आणि कुठूनतरी आवाज आला, स्स्स! आकडे उधळले, गाडी उचक्या देऊ लागली. बाजूनं वाकून ताईनं बॉनेटखाली हात घातला. हवा मोजणाऱ्या सेन्सरकडून इंजिनात जाणारा जाड रबरी पाइप, त्याच्या वळीत चीर! इंजिन कललं की ती उघडायची, सरळ झालं की मिटायची. तिथून न मोजलेली हवा गुपचूप आत शिरत होती.

तिनं चीर मुठीत आवळली. इंजिन शांत. सोडली, उचकी. आवळली, शांत!

"काय केलंस गं?" दादा आतून ओरडला.

"चोराचा गळा धरलाय! ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. आपण त्यालाच दोनदा फासावर चढवलं."

नवा पाइप बसला. काका चढावर चक्कर मारून हॉर्न वाजवतच परतले. "लोण्यासारखी चालतेय, लोण्यासारखी!"

"पाइप मी बघणारच होतो," दादा पुटपुटला.

"हो तर! चौथ्या सेन्सरनंतर."

दादानं घसा खाकरला, कोपऱ्यातल्या बंद जीपकडे हनुवटीनं खूण केली. "हिचं काय झालं असेल गं?"

तोवर ताईनं तिचं बॉनेट उघडलंसुद्धा होतं.