फाइलीच्या तळाचा जबाब

घरात मराठी, शाळेत कन्नड, अशी मी वाढले. सरकारी वकील झाल्यावर दोन्ही भाषा एकाच दिवशी, एकाच कागदासाठी लागतील असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मुडबीकडच्या एका शिवारात सोयाबीनची गंजी जळाली होती. बांधावरून भांडण होतं म्हणून मालकानं शेजाऱ्याचं नाव घेतलं आणि तो शेजारी दोन महिने तुरुंगात होता. पहिल्या जामीनअर्जाला मीच कडाडून विरोध केला होता. अर्ज फेटाळला गेला तेव्हा स्वतःवर खूश होऊन मी दोन कप चहा प्यायले. आता दुसरा अर्ज आला होता.

सुनावणीच्या सकाळी फाईल पुन्हा चाळली, तर शेवटच्या कन्नड पानामागे एक मराठी जबाब निघाला. महाराष्ट्रातून मळणीला आलेल्या एका मजूर बाईचा. तिला कन्नड येईना म्हणून पोलीस ठाण्यातल्या जमादारानं तो मराठीत घेतला होता. वर पेन्सिलीनं ‘कन्नड करणे’ असं लिहिलं होतं आणि ते राहूनच गेलं होतं. बाईनं साफ सांगितलं होतं: गंजीला लागून ट्रॅक्टर वळवताना सायलेन्सरमधून ठिणगी उडाली, ड्रायव्हर घाबरून पळाला, बांधाकडून कुणीच आलं नव्हतं.

माझ्या अंगात वारंच शिरलं! जमादाराला फोन लावला.

“व्हय, माझंच अक्षर हाय. ऱ्हायलं बघा म्याडम, कन्नड करायचं. पर आता कामून काढायलाव ते? केस कच्ची व्हईल की.”

“व्हऊ द्या!” मी ओरडलेच.

दोन-दोन पायऱ्या ओलांडत कोर्टात पोचले. न्यायाधीश म्हैसूरकडचे, त्यांना मराठी अजिबात कळत नव्हतं. हा जबाब आरोपीच्या बाजूचा आहे आणि तो आपल्यापुढं ठेवणं माझंच काम आहे, असं म्हणून मी एकेक ओळ कन्नडात सांगत गेले. आवाज चढला होता आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. आरोपीचा वकील तोंड उघडं टाकून बघत राहिला. जामीन मिळाला. त्या जबाबाची नीट चौकशी करा, असं पोलिसांनाही बजावण्यात आलं.

बाहेर आरोपीची आई वकिलाच्या पाया पडायला वाकली. तो झटकन मागं सरला.

“माझ्या नगं अक्का, ह्यांच्या पडा. कागद ह्यांनीच काढला.”

मी कौतुक करून घ्यायच्या तयारीत हसत उभी होते. म्हातारी वाकली नाही. माझ्याकडं बघत तिनं विचारलं, “मग दोन महिने कुटं होता म्याडम, ह्यो कागद?”

“माझ्या कपाटात,” मी म्हणाले.