शकीलच्या खारीबद्दल मी आबांना जे सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. अंबाबाईपुढं उभी राहते तेव्हा तिलाही नाही — तिथं मी दुसरंच काहीतरी मागून परत येते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही शकीलला ओळखत नाही म्हणून असेल.

आमची मंगळवार पेठेत बेकरी आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काढलेली. मी त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की मी गल्ल्यावर बसायचे, पाव मोजून द्यायचे, पण आत भट्टीकडं मला कधी येऊ दिलं नाही. "धग लागंल," म्हणायचे. शकील आमच्याकडं कामाला आला तेव्हा माझ्याच वयाचा होता, मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याला धग लागत नव्हती का?

त्याला आबांनी सगळं शिकवलं. पीठ किती मऊ हवं, त्यावर तूप कसं पसरायचं, घड्या कशा घालायच्या, खारीला पदर कसे सुटतात. भट्टीतून पत्रा बाहेर आला की आबा एक खारी मोडून बघायचे आणि शकीलच्या पाठीवर थाप मारायचे. मी गल्ल्यावरून ऐकायचे ती थाप. मला आबांनी मारलं नाही कधी, रागावलेही नाहीत. पण तशी थापही कधी मिळाली नाही.

पुढं शकीलनं कळंब्याच्या रस्त्याला स्वतःची बेकरी टाकली. मला वाटलं, आता आबा चिडतील. ते तर पेढे घेऊन गेले. त्यानंतर आबांचे गुडघे थकले आणि आमची बेकरी माझ्याकडं आली. मी कामगारांकडून शिकले, चुकत शिकले. माझी खारी वाईट नव्हती. लोक घ्यायचे. पण आबा खायचे आणि म्हणायचे, "बरी झालीया." बरी! तुम्हाला कुणी आयुष्यभर 'बरी' म्हटलंय का?

मग आबांना हार्टचा त्रास झाला. डॉक्टरांनी खारी बंद सांगितली. पण जन्म भट्टीपुढं काढलेला माणूस, चहाबरोबर नुसता बसणार कसा? शेवटी कधीतरी एखादी, आणि तीही वनस्पती तुपाची नको, एवढ्यावर तडजोड झाली. त्या तुपात ट्रान्स फॅट असतं, ते रक्तवाहिन्यांना वाईट, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याच सुमाराला सरकारचा नियमही कडक होत चालला होता. शंभर ग्रॅम तेलातुपात दोन ग्रॅमच्या वर ट्रान्स फॅट चालणार नाही. बेकरीवाल्यांची बैठक झाली. सगळे कुरकुरत होते — नियमात बसणारं नवीन तूप लवकर वितळतं, पिठातून गळतं, खारी बसते. शकील एकटाच मागून म्हणाला, "मी कवाच बदललंय. जमतंय की."

बैठकीतल्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. माझीही.

मी काय केलं? एका व्यापाऱ्याकडं जुन्या तुपाचे डबे पडून होते, नियम लागायच्या आत त्याला ते खपवायचे होते. मी उचलले. पैशासाठी नाही, तेवढं खरं. नवीन तुपात माझी खारी फसत होती, आणि ती कशी जमवायची हे शकीलला विचारायला जायचं — ते माझ्यानं होणार नव्हतं.

शकील मात्र आबांसाठी खारी आणून द्यायचा. सकाळी स्वतः, गाडीवरून. आबा दारातल्या खुर्चीत वाटच बघत असायचे. एकदा त्यांनी खारी मोडली, पदर बोटांनी सुटे केले आणि मला हाक मारून म्हणाले, "बघ, नव्या तुपात बी. ह्याला म्हणत्यात हात." शकील लाजून हसत उभा होता. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. आत ओट्याशी उभी राहिले, आणि मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आबांना म्हणाले, "शकील अजून जुनंच तूप वापरतोय. नवीन आहे म्हणून सांगतो. मार्केटात सगळ्यांना माहिती आहे."

एवढंच. आवाजही चढवला नाही. उलट काळजीनं सांगतेय असं सांगितलं — ते मला फार चांगलं जमलं.

आबांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला? मला बी तसलंच घालतोय व्हय?" त्यांचा चेहरा मी पाहिला. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की नाही आबा, मी खोटं बोलले. म्हणाले नाही. कारण त्या दुःखाच्या खाली मला हवं ते दिसत होतं: शकील त्यांच्या मनातून उतरत होता.

त्यानंतर शकील आला तेव्हा आबा उठून आत गेले. पुन्हा आला, तेव्हा खारीला हात लावला नाही. त्यानं मला दारात विचारलं, "ताई, आबा चिडल्यात का माझ्यावर?" मी म्हणाले, आजारपणात माणूस चिडचिडं होतं, मनावर घेऊ नको. त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला.

आणि आबांच्या चहाबरोबर खारी कुणाची जात होती आता? माझी. नव्या तुपाची आहे असं सांगून मी ती दिली. जुन्या डब्यातली. मला माहीत होतं. त्यांनी खाल्ली, आणि म्हणाले, "आपली ती आपली." मी इतकी वर्षं जे ऐकायला बसले होते, ते असं ऐकलं.

आता खरं ते सांगते. वरचं सगळं त्याच्या आधीचं होतं.

आबांना दुसऱ्यांदा दवाखान्यात न्यावं लागलं. शकीलला कळलं, तो धावत आला. आबा आत जागे होते. मी बाहेर बाकावर बसले होते. मी त्याला सांगितलं, "झोपलेत. डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हटलंय." तो तिथंच थांबला, बराच वेळ. मग मला चहा आणून दिला आणि गेला. संध्याकाळी आबांनी डोळे उघडले. म्हणाले, "शकील आलता का? कायबी असू दे. पोरगं हाय ते आपलं. बलीव त्याला."

मी म्हणाले, "नाही आला आबा. निरोप दिलाय. बघू, येतो म्हणालाय."

मी निरोप दिला नव्हता. आबा त्याची वाट बघत गेले. आईला वाटतं ते दाराकडं बघत होते ते देवासाठी.

शकीलनं खांदा दिला. स्मशानात माझ्या नवऱ्याला धरून रडला. मी बायकांत घरी होते, मला हे नंतर कळलं. कळलं तेव्हाही मला वाटलं, ह्याला एवढं रडायचा काय हक्क.

जुने डबे संपले. नियम लागू झाला, तपासणी सुरू झाली, तसलं तूप मिळेनासं झालं. मग गेलेच मी कळंब्याला. शकीलनं काही विचारलं नाही. भट्टीपुढं उभं करून शिकवलं: पीठ बर्फाच्या पाण्यानं मळायचं, प्रत्येक घडीनंतर थंडीत ठेवायचं, घाई करायची नाही. म्हणाला, "आबांनीच शिकीवलंय, ताई. मी फक्त पानी गार केलं." मी तिथंही सांगू शकले असते. आम्ही दोघंच होतो.

त्याला अजून वाटतं, आबा गेले ते त्याच्यावर रुसून, आणि का ते त्याला कधीच कळणार नाही.

परवा एक बाई दुकानात आल्या. खारी चाखून म्हणाल्या, "अगदी कळंब्याच्या शकीलसारखी लागती की तुमची."

मी म्हणाले, "तो आमच्याकडंच शिकलाय."

त्या हसल्या, पुडा घेतला. ही खारी मी त्याच्याकडून शिकले, हे सांगायला तेवढाच वेळ लागला असता. मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ.