जिवंत जन्मली तर?

"तुमचं लिव्हर बिघडत चाललंय. प्लेटलेट्स सकाळच्या निम्म्यावर आल्यात. प्रेग्नन्सी आजच संपवावी लागेल," डॉक्टर नादिया म्हणाल्या. त्या सुदानच्या. इंग्रजी अगदी सावकाश बोलायच्या, त्यामुळे त्यातला एकही शब्द मला चुकवता आला नाही.

मला तेविसावा आठवडा चालू होता. मुलगी आहे हे सोनोग्राफीत कळलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजाला, अल नहदात राहायचो. माझा नवरा संजय जबल अलीच्या एका वेअरहाउसमध्ये सुपरवायझर होता. मी इंडियन स्कूलमध्ये केजीला शिकवायचे. मोठी केतकी सहा वर्षांची.

चार दिवस उजव्या बरगडीखाली दुखत होतं. मी अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या चघळत राहिले. पाचव्या दिवशी वर्गात डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शाळेच्या नर्सनं बीपी घेतलं, मशीन बिघडलंय असं समजून दुसरं आणलं. त्यातही वरचा आकडा एकशे ऐंशीच. तिथून थेट हॉस्पिटल. म्हणून सांगते, गरोदरपणात असं दुखणं अंगावर काढू नका.

आजाराचं नाव हेल्प सिंड्रोम. गरोदरपणात बीपी वाढून तांबड्या पेशी फुटायला लागतात, लिव्हर सुजतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरतात. बाळंतपण हाच त्यावर इलाज. पोटातलं बाळ जगण्याइतकं वाढलेलं असो वा नसो.

तिथल्या कायद्यात आईचा जीव धोक्यात असेल तरच गर्भपाताला परवानगी होती. दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या. मग संजयची, मग माझी. फॉर्म अरबीत आणि इंग्रजीत होता. माझा जीव, माझं रक्त, माझं गर्भाशय, सगळ्याचा त्यात उल्लेख होता.

"बाळ जिवंत जन्मलं तर?" मी विचारलं.

डॉक्टर नादियांनी पेनचं टोपण लावलं. "त्यासाठी या कागदावर जागा नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक कळांमध्येच जातं. जगलं, तरी फुप्फुसं तयार नसतात. आपण श्वासाची ट्यूब घालत नाही."

संजय माझ्या पायाशी उभा होता. "मेधा, तिचे हाल नकोत," तो म्हणाला. "तू राहा. मला दुसरं काही नको."

मी त्याच्याकडे पाठ फिरवली. ती आत पाय मारत होती आणि हा तिच्या मरणाचं बोलत होता. त्या क्षणी मला त्याची किळस आली. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. ते शिरेत जाताना अंगातून आग जाते, मग जीभ जड होते. कळा आणायच्या गोळ्या दिल्या. पूर्ण दिवस गेला, रात्र गेली. शेजारच्या काकूंकडे ठेवलेल्या केतकीचा फोन आला. "Mumma, is baby coming home with you?" संजयनं फोन घेतला आणि "खलास, पुरे आता, बेटा, नंतर बोलू," म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती झाली. एकदम हलकं वाटलं. मग रक्त सुरू झालं ते थांबेना. डॉक्टर नादिया आणि आणखी दोघी माझ्यावर वाकल्या. सिस्टर लीलाम्मानं तिला उचललं आणि बाजूच्या टेबलावर स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून वर हिरवं कापड घातलं. तशीच पद्धत असावी.

कापड हलताना मला दिसलं. ओरडायला तोंड उघडलं, पण जीभ वळेना.

लीलाम्मालाही दिसलं. तिनं कापड बाजूला केलं. "डॉक्टर, बेबी श्वास घेतंय."

"पीडियाट्रिक्सला फोन कर," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात माझ्या रक्तात होते.

फोनवरचं एका बाजूचं बोलणं मला ऐकू येत होतं. "येस, अबॉर्शन केस... नो, शी इज अलाइव्ह... नो फाइल..." लीलाम्मानं रिसीव्हर आपटला. गर्भपाताच्या केसमध्ये बाळाची फाइल निघत नाही, आणि फाइल नंबरशिवाय नवजात बाळांच्या वॉर्डात कुणाला घेत नाहीत. तिनं आमच्या मुलीला दोन टॉवेलांत गुंडाळलं, स्वतःच्या छातीशी धरलं, दार उघडलं आणि बाहेर उभ्या असलेल्या संजयला हिंदीत म्हणाली, "तुम्हारी बेटी ज़िंदा है. नीचे जाओ, फाइल बनवाओ. जल्दी!"

पुढचं मला लीलाम्मानं नंतर सांगितलं, तिला ते खालच्या काउंटरवरच्या माणसाकडून कळलं होतं. आदल्या दिवशी "हाल नकोत" म्हणणारा माझा नवरा तीन जिने धावत उतरला. काउंटरवरच्या माणसानं स्क्रीनवर पाहून सांगितलं, "अबॉर्शन. नो बेबी." संजय काउंटरवर हात आपटत ओरडला, "हबीबी, बच्ची साँस ले रही है! लिखो! यल्ला, लिखो!" रांगेतली माणसं मागे सरकली. त्या माणसानं वर फोन लावला, ऐकलं, आणि टाइप करायला लागला. 'बेबी ऑफ मेधा'. कागद घेऊन संजय पुन्हा धावत वर आला.

वीस मिनिटं गेली होती. बाळांचे डॉक्टर आले. लाहोरचे, वयस्कर. त्यांनी तिला हीटरखाली ठेवलं, नाकाजवळ ऑक्सिजन धरला, वजन केलं. चारशे नव्वद ग्रॅम. तपासून झाल्यावर ते संजयजवळ उभे न राहता माझ्याकडे येऊन बसले.

"बेटी, झूठ नहीं बोलूँगा," ते म्हणाले. "तिचे डोळेही अजून उघडलेले नाहीत. आमच्याकडची सगळ्यात बारीक ट्यूबही तिला मोठी आहे. घातली तर इजा होईल. मी तिला ऊब देईन, ऑक्सिजन देईन, दुखू देणार नाही. आणि ती एकटी पडणार नाही."

माझं रक्त थांबल्यावर लीलाम्मानं तिला माझ्या छातीवर ठेवलं. तिची कातडी इतकी पातळ होती, की आतल्या शिरा दिसत होत्या. "मोळे, मुली, बोल तिच्याशी," लीलाम्मा म्हणाली. मला फक्त माफी मागता आली. संजयनं एक बोट तिच्या तळव्याला लावलं. तिनं ते धरलं.

पाच तास आणि दहा मिनिटं ती होती. तिचा जन्मदाखला निघाला आणि मृत्युदाखलाही. जन्मदाखल्यावर नाव घालायचं होतं. संजयनं मला न विचारता 'रेवा' लिहिलं.

मी अकरा दिवसांनी घरी आले. दूध आलं होतं. ते बंद करायच्या गोळ्या घेत मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. पहिली वीस मिनिटं वाया गेली नसती तर ती जगली असती का, हे मी लाहोरच्या डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. तेही नाही म्हणाले. तरी अजून हिशेब सुटत नाही. ती वीस मिनिटं तिला गार लागलं असेल.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर सही करण्याआधी विचारा. बाळ जिवंत जन्मलं तर त्याला कोण उचलेल? कुठे ठेवतील? बाळांचे डॉक्टर आधीपासून हजर असतील का? ट्यूब घाला किंवा घालू नका, हे मी कोण सांगणारी? पण उत्तर आधी घ्या. तेव्हा जीभ वळत नाही.

काही वर्षांनी संजयचे एक सहकारी घरी जेवायला आले होते. टीव्हीवर अमेरिकेची बातमी चालली होती. गर्भपातानंतर जिवंत जन्मलेल्या बाळांवर उपचार झालेच पाहिजेत, असे कायदे तिथली काही राज्यं करत होती. एक बाजू म्हणे जीव वाचवा, दुसरी म्हणे डॉक्टरांच्या मध्ये येऊ नका. दोघंही ठामपणे बोलत होते. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

"कायदा कशाला हवा?" पाहुणे पोळी मोडत म्हणाले. "असली बाळं जगतात थोडीच."

संजय रेवाबद्दल कधीच बोलला नव्हता. मीही बोलले नव्हते. तिचं नाव ओठांवर आलं की आमच्यात ते "हाल नकोत" उभं राहायचं.

त्यानं टीव्ही बंद केला.

"आमची पाच तास दहा मिनिटं जगली," तो म्हणाला. "रेवा. तिनं माझं बोट धरलं होतं."

पाहुण्यांचा हात ताटात तसाच राहिला. मी उठून संजयशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. इतकी वर्षं मी समजत होते की ते तास माझे एकटीचे आहेत.