साडूच्या गिझरची तपासणी

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. नांदेडच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं सासुरवाडीत जाऊन काय दिवे लावले, ते सांगतो.

सासुरवाडी उदगीरजवळ. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्हा दोन्ही जावयांना शेतात भज्जी-आंबील खायला बोलावणं असतं. थोरला मी. धाकटा शिवराज. लातूरला बी-बियाण्यांचं दुकान, दारात गाडी, आणि वर स्वभावानं चांगला. हे शेवटचं मला फार लागतं. माणूस वाईट असता तर निदान उघडपणे जळता आलं असतं.

सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. मामी शिवराजला 'जावईबापू' म्हणतात आणि मला 'सर'. लग्न माझं आधी झालं, पण बापू तो! ताटात तूप वाढताना त्याला विचारत नाहीत, नुसती धार धरतात. मला विचारतात, "सर, तुम्हाला चालतंय न्हवं तूप?" आता मी कधी नाही म्हटलंय का?

दिवाळीत मी त्यांच्या परसातल्या न्हाणीघरापर्यंत स्वतः वायर ओढून बल्ब लावून दिला होता. अंधारात चाचपडणाऱ्या मामी चार दिवस खूश होत्या. मग शिवराजनं तिथंच गिझर बसवला आणि माझा बल्ब सगळे विसरले.

यंदा पोचलो तेव्हा सुनंदानं, माझ्या बायकोनं, हळूच खबर दिली. "गिझरचं पाणी तापत न्हाई नीट. नुसतं कोमट होतंय. पण आई जावईबापूला बोलून न्हाई राहिली."

मला रात्री काय गाढ झोप लागली म्हणता!

सकाळी सगळे आंघोळीसाठी अंगणात कुडकुडत उभे. मी पिशवीतून शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर काढला; बल्ब लावल्यापासून सासुरवाडीला येताना तो सोबतच असतो. न्हाणीघरात जाऊन गिझर चालू असताना मोजमाप घेतलं. व्होल्टेज एकशे साठ, करंट सहा. अंगणात येऊन खडूनं फरशीवर मोठ्या अक्षरात गुणाकार मांडला.

"नऊशे साठ वॅट. आणि गिझरवर लिहिलंय दोन हजार. निम्मासुद्धा भरत नाही. माल बनावट आहे."

शिवराजचा चेहरा उतरला. "दुकानदारानं फसवलं की काय मला? लई भरवशाचा माणूस होता ओ, सर."

"होतं असं," मी म्हणालो. इतक्या प्रेमानं मी त्याच्याशी कधीच बोललो नव्हतो.

सासरे म्हणाले, "मग आज काढूनच घ्या तो. सर, तुम्ही तेवढं पक्कं लिहून द्या, म्हंजी दुकानदाराला दाखवता येईल."

पक्कं म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. तिथंच थांबलो असतो तर? पण नाही. वर्गात मी कधी रोध काढल्याशिवाय गणित सोडत नाही. एकशे साठ भागिले सहा, जवळजवळ सत्तावीस ओहम. आता या रोधाला पुरे दोनशे तीस व्होल्ट दिले तर किती वॅट होतात, ते मी जोशात मांडलं. वर्ग केला, भागाकार केला आणि खडू थांबला.

उत्तर जवळजवळ दोन हजार येत होतं.

गिझर अस्सल होता. त्याला वीजच पुरी पोचत नव्हती. मी पायानं फरशी पुसायला लागलो, पण सुनंदा पुढं येऊन वाचत होती.

"अहो, हे तर बरोबर येऊन राहिलंय की."

"गावाची लाईटच डाऊन असेल," मी म्हणालो.

"मेन बोर्डापाशी मोजा की मग," शिवराज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं हो, तोच तर त्रास आहे.

मोजलं. दोनशे दहा. म्हणजे पन्नास व्होल्ट घर ते न्हाणीघर एवढ्या वाटेत गायब. सासऱ्यांनी भिंतीवरच्या वायरीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"अगं, ही तर गरम लागून राहिली. कुणी ओढली ही?"

मामींनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. शाळेच्या गॅदरिंगला रोषणाई केली होती, त्यातली उरलेली बारीक वायर होती ती. एका बल्बापुरती ठीक. पण दिवाळीत छाती पुढं काढून मीच म्हणालो होतो, "मामी, यावर वाट्टेल ते चालवा."

साडूच्या गिझरची वीज माझी वायर तापवण्यात जात होती आणि पाणी थंड पडत होतं.

शिवराज गाडी काढून उदगीरला गेला, जाड वायर आणली, स्वतः स्टुलावर चढून ओढली. थोड्या वेळानं न्हाणीघरातून वाफ निघाली आणि मामींच्या डोळ्यांत पाणी आलं.

वायर लावताना मी काय करत होतो? तेही सांगतो. मामी दारातून ओरडत होत्या, "सर, स्टूल नीट धरा. वर जावईबापू हायत."